साखळीतली पुस्तकं, खुर्चीतली माणसं

लायडन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? फिजिक्सच्या पुस्तकातला लायडन जार आठवला असेल तर शाबास! नेदरलँड्समधलं हे एक गाव. अठराव्या शतकात वीज साठवायची ती बरणी या गावाच्या नावाने प्रसिद्ध झाली. ज्याच्या नियमावर आपण अपवर्तनाची गणितं सोडवली तो स्नेल याच गावचा. हेलियमचा पहिल्यांदा द्रव झाला तो १९०८ साली इथल्याच प्रयोगशाळेत, आणि १९११ साली सुपरकंडक्टिव्हिटी सापडली तीही तिथेच. म्हणजे आपल्या सिलॅबसची दोन-चार पानं या एका गावाने लिहिली आहेत असं म्हणायला हरकत नाही. पण आज मला बोलायचंय ते याच गावातल्या एका चित्राबद्दल. चित्र १६१० सालचं आहे आणि त्यात दिसतं ते तिथल्या विद्यापीठाचं ग्रंथालय.

“सिव्हिलच्या पोराला चित्राचं काय पडलंय?” असं आमच्या रूमवर आधीच विचारून झालंय. त्याचं उत्तर या लेखात द्यायचा प्रयत्न करतो. पटलं तर बघा.

हे चित्र ब्रशने रंगवलेलं नाही, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं आहे. रेखाटन केलं यान वाउडानुस या चित्रकाराने आणि पत्र्यावर कोरलं विलेम स्वानेनबर्ग याने. कोरीव छापचित्राची रीत वर्कशॉप केलेल्या कुणालाही लगेच कळेल. गुळगुळीत तांब्याचा पत्रा घ्यायचा. टोकदार पोलादी कोरणीने त्यावर रेघा कोरायच्या. सगळं उलटं कोरायचं, कारण छापताना डावं-उजवं बदलतं. अक्षरंसुद्धा आरशात दिसतात तशी. मग पत्र्यावर शाई चोळायची आणि वरवरची पुसून टाकायची. खाचांमध्ये अडकलेली शाई तेवढी राहते. वर ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या प्रेसमधून काढला की कागद खाचांतली शाई ओढून घेतो. बस्स. करड्या रंगाची छटा देण्याची सोय यात नाही. उजेड हवा तिथे रेघा विरळ, सावली हवी तिथे रेघा दाट, त्याहून गडद हवं असेल तर रेघांवर आडव्या रेघा. आपण सेक्शन दाखवायला ४५ अंशांत हॅचिंग करतो ना, त्याचंच हे थोरलं भावंड. फरक एवढाच की आपल्याकडे खोडरबर असतो. तांब्यावर चुकलेली रेघ घासून, ठोकून सपाट करत बसावं लागतं.

आता चित्रात शिरू. पहिल्या वर्षाला ईडीमध्ये पर्स्पेक्टिव्हने सगळ्यांनाच रडवलंय. व्हॅनिशिंग पॉइंट, होरायझन लाइन, स्टेशन पॉइंट हे शब्द आपण पाठ केले, मिनी ड्राफ्टरने रेघा ओढल्या, शीट सबमिट केलं आणि विसरून गेलो. हे चित्र समोर घ्या आणि पट्टी लावून बघा. पुस्तकांच्या रांगांच्या कडा दोन्ही बाजूंनी आत धावतात आणि लांबवर एका ठिकाणी जमतात. बघणाऱ्याचे डोळे खोलीतल्या माणसांच्या डोक्यांपेक्षा वर आहेत. म्हणजे चित्रकाराने आपल्याला शिडीवर उभं केल्यासारखं केलंय, एकही रांग नजरेतून सुटू नये म्हणून. हा निर्णय आहे, योगायोग नव्हे. चित्र बघायचं म्हणजे असे निर्णय ओळखायचे, असं मला वाटतं. मशीन उघडून “हा बोल्ट इथंच का?” असं आपण विचारतो, तसंच हे.

खोलीत काय आहे? दोन्ही बाजूंना उंच डेस्कांच्या रांगा, एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला अकरा. प्रत्येक रांगेवर विषयाची पाटी आहे: धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक, इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य आणि गणित. पुढच्या बाजूला पृथ्वीचे आणि आकाशाचे मोठे गोल. उजवीकडे एक बंद कपाट, त्यावर जोसेफ स्कॅलिजर याचं नाव. हा तिथला मोठा विद्वान १६०९ साली वारला आणि जाताना अरबी, हिब्रू अशा पौर्वात्य भाषांतली आपली हस्तलिखितं विद्यापीठाला देऊन गेला. वर्षभरात त्याचं कपाट चित्रात आलंसुद्धा. आणि माणसं? टोप्या, झगे घातलेली माणसं. कुणी वाचतंय, कुणी दोघं-तिघं मिळून बोलत उभी आहेत. खोलीत चक्क कुत्रीही आहेत! आपल्या ग्रंथालयाच्या दारात “कृपया शांतता राखा” ही पाटी आहे, तिथे हे चित्र लावलं तर मामा काय म्हणतील याचा विचार करून मला हसू येतं.

पण खरी गंमत पुढे आहे. पुस्तकं साखळीने बांधलेली आहेत. गुरांना दाव्याला बांधावं तशी एकेका पुस्तकाला लोखंडी साखळी, आणि साखळीचं दुसरं टोक डेस्कला. त्या काळी पुस्तक ही फार महागाची वस्तू होती, त्यामुळे चोरीची भीती. पुस्तक वाचायचं तर तुम्ही पुस्तकाकडे जायचं, पुस्तक तुमच्याकडे येणार नाही. आणि बसायला जागा नाही. सगळं वाचन उभ्याने.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्यपुरुष डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की ग्रंथ वापरण्यासाठी असतात. ऐकायला किती साधं! पण साखळीतली ही पुस्तकं बघितली की कळतं, हा नियम लिहून ठेवावा का लागला. आधी पुस्तक जपायचं आणि उरलंच तर वापरायचं, ही शेकडो वर्षांची सवय होती. ती अजून पूर्ण गेलीय असं मला वाटत नाही. काचेच्या कपाटाला कुलूप आणि चावी रजेवर गेलेल्या माणसाकडे, हा अनुभव गावोगावच्या वाचकांना आहे.

तरीही याच ग्रंथालयाने १५९५ साली आपल्या पुस्तकांची यादी छापून टाकली होती. एखाद्या संस्थेच्या ग्रंथालयाची छापील यादी म्हणून ती जगातली पहिली मानतात. पुस्तक बांधून ठेवलं, पण पुस्तक आहे ही बातमी मोकळी सोडली. आजच्या भाषेत त्यांनी कॅटलॉग ऑनलाइन टाकला म्हणा ना!

आता आपल्या म्हणजे इंजिनिअरिंगच्या कामाची गोष्ट. हे ग्रंथालय एका जुन्या चर्चच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. त्याच इमारतीत खाली तलवारबाजीची शाळा होती. ती चालवणारा लुडोल्फ फान कॉयलन हा तलवारबाजी शिकवायचा आणि गणितही शिकवायचा. π ची किंमत दशांशचिन्हापुढे ३५ स्थळांपर्यंत हाताने काढणारा तो हाच. कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबलसुद्धा नाही! १६०० साली तिथल्या राजपुत्राने, मॉरिसने, इंजिनिअर तयार करण्यासाठी विद्यापीठाला जोडून एक शाळा काढली. अभ्यासक्रम आखला सिमॉन स्टेविन याने, दशांश अपूर्णांक युरोपभर नेणारा तो स्टेविन. आणि शिकवायला घेतलं याच लुडोल्फला. मोजणी आणि किल्ल्यांची बांधणी शिकायची होती, आणि शिकवायची भाषा होती डच, म्हणजे गावात, बाजारात, घरात बोलतात ती. वरच्या मजल्यावर सगळा कारभार लॅटिनमध्ये आणि खाली पोरं आपल्या भाषेत त्रिकोण सोडवतायत. स्टेविनने गणितासाठी लॅटिन शब्द न घेता डच शब्द रूढ केला आणि तो आजही तिथे वापरात आहे.

हे वाचताना मला आपला भाग आठवला. नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात असताना हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे वरच्या वर्गांपर्यंत सगळं उर्दूतून शिकवलं जायचं. इंग्रजीशिवाय उच्च शिक्षण होऊ शकतं हे दाखवणारा तो मोठा प्रयोग होता, पण घरी मराठी बोलणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी तीही परकीच भाषा. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, तेव्हा हॉस्टेलवर त्यावर बरीच चेष्टा झाली. “स्थापत्य अभियांत्रिकी” म्हणताना जीभ अडकते, मान्य. पण चारशे वर्षांपूर्वी लायडनच्या तळमजल्यावरही असंच कुणी हसलं असेल. ग्रंथालय वरच्या मजल्यावर असणं पुरत नाही, तिथवर जिना कोणत्या भाषेचा आहे हेही बघावं लागतं.

आता थोडं उलट्या बाजूने. हे चित्र जसंच्या तसं खरं मानायचं का? मला नाही वाटत. याच मालिकेत आणखी तीन चित्रं निघाली होती: शवविच्छेदनाची गोलाकार खोली, वनस्पती उद्यान आणि तलवारबाजीची शाळा. चारही मिळून विद्यापीठाची शान दाखवतात. सरळ सांगायचं तर हे त्या काळचं प्रॉस्पेक्टस आहे. आपल्या कॉलेजांच्या प्रॉस्पेक्टसमध्ये ग्रंथालयाचा फोटो असतो, त्यात तीन मुली आणि दोन मुलं एकाच पुस्तकाकडे हसत बघत असतात. तसं कुणी कधी वाचतं का? तरीही तो फोटो खोटा नसतो. टेबलं खरी, कपाटं खरी, पंखे खरे. लायडनच्या चित्रातली गर्दी कदाचित मुद्दाम आणून उभी केलेली असेल. पण डेस्क, पाट्या, साखळ्या, स्कॅलिजरचं कपाट हे कागदावर कायमचं राहिलं. पुढे ग्रंथालय बदललं, साखळ्या गेल्या. आज ती खोली कशी होती हे सांगायला चित्र आहे.

आणि इथेच मला बिदर आठवतं.

आमच्या उदगीरहून बिदर फार लांब नाही. लातूर रोडहून निघालेली गाडी उदगीर, भालकी करत बिदरला पोचते. १९५६ पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. तिथे महमूद गवानचा मदरसा आहे. गवान हा इराणकडून आलेला व्यापारी, पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ च्या सुमारास त्याने हे तीन मजली विद्यालय बांधलं: मधे चौक, भोवती शिकवण्याचे दिवाणखाने, विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय. म्हणजे हॉस्टेलसकट रेसिडेन्शियल कॉलेजच की! ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असं इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. लायडनचं विद्यापीठ स्थापन झालं १५७५ साली, त्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. १४८१ साली गवानच्या शत्रूंनी त्याच्या नावाचं खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानाने त्याला मारलं. बिदर मोगलांकडे गेल्यावर या इमारतीत सैनिक राहू लागले, दारूगोळा साठवला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार कोसळला.

आज तिथे उभं राहिलं की उरलेल्या मिनारावर निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे चमकतात. इमारतीचा प्लॅन आम्ही सिव्हिलवाले अर्ध्या तासात काढू. पण ग्रंथालयाची खोली आतून कशी होती? ग्रंथ फडताळात होते की पेटीत? माणसं बसून वाचायची की उभ्याने? गणित कुठल्या कोपऱ्यात होतं आणि दिवा कुठे ठेवायचे? अशी एकेक रेघ लायडनच्या चित्रात सापडते. तीन हजार ग्रंथांच्या त्या दालनाची मात्र स्वानेनबर्गसारखी कुणी पाटी कोरली नाही. ग्रंथ गेले ते गेलेच, पण त्यांच्यामध्ये माणसं वावरत कशी होती हेही त्यांच्याबरोबर गेलं.

वस्तू एका क्षणात जाते हे आपल्या भागाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे झालं ते आपल्या घरातल्या मोठ्या माणसांनी बघितलंय. हजारो माणसं गेली, त्यापुढे भिंतींचं काय एवढं, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण आमचे सर शिकवताना सांगतात की जाड दगडी भिंती, मातीचा सांधा आणि माळवदाचं वजन यांनी जीव घेतले. मग ती घरं आतून नेमकी कशी होती, माळवदाखाली माणूस कुठे झोपायचा, देवळी कुठे आणि उतरंड कुठे, हे मोजून कागदावर किती ठिकाणी होतं? आधीच काढून ठेवलेलं चित्र शोभेपुरतं नसतं. पुढच्याला शिकायला ते लागतं.

आता आजच्या खोलीकडे येऊ. लातूर-नांदेडमध्ये गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या आहेत. पार्टिशन घातलेलं टेबल, सीट नंबर, चार्जिंग पॉइंट, वायफाय, आरओचं पाणी आणि महिन्याची फी. मला त्यांची टिंगल करायची नाही. माझी ताई अशाच एका अभ्यासिकेत दोन वर्षं बसली आणि नोकरीला लागली. दहा बाय दहाच्या घरात पाच माणसं असतील तर पोराला शांत कोपरा कुठून मिळणार? अभ्यासिकेने तो दिला. लातूर पॅटर्नच्या यशात अशा खुर्च्यांचाही वाटा आहे.

पण लायडनचं चित्र बाजूला ठेवून अभ्यासिकेकडे बघा. तिथे पुस्तकाला साखळी होती आणि माणूस फिरत होता. वैद्यकाचं पुस्तक वाचणारा चार पावलं टाकून गणिताच्या रांगेत जाऊ शकत होता, कारण पाटी समोरच दिसायची. वाटेत कुणी भेटलं तर बोलत होता. आपल्याकडे साखळी गेली, पुस्तक खिशातल्या मोबाइलमध्ये आलं, आणि माणूस मात्र सीट नंबर ४७ ला बांधला गेला. दोन्ही बाजूंना प्लायवूड. शेजारचा काय वाचतोय हे दिसू नये अशीच रचना. अभ्यासिकेत पुस्तकाचं कपाट नसतं, असलं तरी गाइड आणि मागचे पेपर. आपल्या कॉलेजच्या रीडिंग हॉलचीही परीक्षेच्या काळात तीच गत. रात्री दोनला हॉल फुल्ल असतो, पण शेजारच्या खोलीतल्या कपाटांपुढे चिटपाखरू नसतं. आपण ग्रंथालयात जातो ते पंख्याखालच्या खुर्चीसाठी, ग्रंथांसाठी नाही. सेमिस्टर संपता संपता “नो ड्यूज”ची सही घ्यायला गेल्यावर कित्येकांना ग्रंथपाल सरांचा चेहरा पहिल्यांदा दिसतो!

“सगळं नेटवर आहे, कपाटापुढे जायचं कशाला?” हा प्रश्न रास्त आहे. हे चित्रही मी मोठं करून बघितलं ते नेटवरच. युरोपातल्या संग्रहालयांनी अशी चित्रं मोफत खुली केली आहेत, त्याबद्दल त्यांचे आभारच. पण नेटवर आपण जे शोधतो तेच सापडतं. कपाटापुढे जे शोधत नव्हतो ते सापडतं. आरसीसीचं पुस्तक काढायला गेलं तर शेजारी पाणलोट क्षेत्राचं सापडतं, आणि लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी का आणावं लागलं हे त्या शेजारच्या पुस्तकातून कळायला लागतं. अशी भेट घडवण्यासाठी पुस्तकं एका खोलीत ठेवायची असतात. लायडनच्या त्या पाट्यांचं कामही तेच होतं.

तर मग करायचं काय? नुसतं “वाचा, वाचा” म्हणून लेख संपवायचा नाही. माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली सूचना ग्रंथालयाला. रीडिंग हॉल आणि पुस्तकांची कपाटं यांच्यामधली ती भिंत दिवसातून दोन तास तरी उघडी करावी. चिठ्ठी लिहून पुस्तक मागवण्यापेक्षा पोरांना कपाटांमध्ये फिरू द्यावं. पुस्तकं इकडची तिकडे होतील, हे खरं. ती परत लावायला हॉस्टेलची पोरं आळीपाळीने येतील, याची हमी निदान आमच्या विंगपुरती मी देतो. आणि प्रत्येक कपाटावर लांबून वाचता येईल अशी मराठी पाटी असावी.

दुसरी सूचना आपल्याला, पोरांना. दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळे गावी जातो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गाची सार्वजनिक वाचनालयं आपल्याकडे तालुक्यातालुक्यांत आहेत. काही त्याहून कितीतरी जुनी आहेत. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी लागायची, तेव्हा वर्तमानपत्र वाचायच्या निमित्ताने माणसं एकत्र बसायची ती अशाच ठिकाणी. १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीच्या त्या चळवळीत या बाकड्यांचाही वाटा आहे. त्यांतल्या काही इमारतींना गळती लागलीय, काही पाडून तिथे गाळे निघतील. आपल्याकडे टेप आहे, ड्राफ्टर आहे, शीट आहे. आपल्या गावच्या वाचनालयाचा एक प्लॅन, एक सेक्शन आणि आतून दिसणारा एक पर्स्पेक्टिव्ह काढू या. वर्तमानपत्राचा स्टँड कुठे, म्हातारी माणसं कुठल्या बाकड्यावर बसतात, कुठल्या कपाटात कादंबऱ्या आणि कुठल्यात संतसाहित्य, सगळं लिहू या. खर्च एका शीटचा. मोबाइलने फोटो काढा की, असं कुणी म्हणेल. जरूर काढा. पण फोटो एका सेकंदात निघतो आणि गॅलरीत गाडला जातो. चित्र काढायला चार तास बसावं लागतं, आणि चार तास बसल्यावरच कळतं की खिडकी तिथे का ठेवलीय.

सुट्टीनंतर ती शीटं गोळा करून आपल्या ग्रंथालयात एका कपाटात ठेवता येतील. वीस गावांची वीस शीटं झाली तरी पुष्कळ. सबमिशनच्या शीटवर सरांची सही झाली की ती पुढे कुठे जातात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ही शीटं मात्र राहतील. ज्याला पटलं असेल त्याने सुट्टीला निघण्याआधी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरच्या कागदावर आपल्या गावाचं नाव लिहावं. उदगीरचं नाव मी लिहून ठेवलंय.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)